दुधीले नख

...आता हेच पाहा, हा दुधी! सात भोकं! हसता काय? मोबाइल ठेवा तो खाली आधी! सात भोकं, अन् उंदरानं नाही पाडली, मानसाच्या नखाची हायेत! पहाटे दवात तोडलेला माल, नेरडीगोंड्याच्या बाजारात तीस वर्सं नाव हाये ह्या सोजरबाईच्या दुधीचं, अन् आता कुत्रं इचारून नाही राह्यलं... नख काऊन लावता वो, नख काऊन लावता?

तुमाले सांगते, झालं काय, दिवाळीच्या बाजारात एक मास्तरीन आली, प्रियदर्शनी मॅडम. खुपसलं नख! म्हने, "कोवळा हाये का पाहून राह्यली." मी म्हटलं, "तुमच्या पोरीले पाहाले पाव्हने येतीन, तं तेही असंच नख लावून पाहातीन काय वो?" बस! मांगून कोनीतरी मोबाइलवर घेतलं, अन् चार दिवसांत दोन लाख लोकायनं पाह्यलं! एवढे लोक तं जल्मात माही भाजी घ्याले नाही आले!

सून माही, रूपाली, नाचूनच राह्यली, "आत्या, तुमी फेमस झाल्या!" काय जाळाचं हाये फेमस? आता निर्मलहून गाड्या येतेत. उतरले का मोबाइल सुरू, अन् मुद्दाम, माह्या डोळ्यादेखत, नख खचकन! "अम्मा, तिट्टंडी!" म्हंजे शिव्या द्या म्हनतेत! अन् इकत घ्या म्हटलं तं, "नको, फ्रिजमधे जागा नाही." अरे मेल्याहो, जागा नाही तं नख काऊन लावता?

अन् रागावली का टाळ्या! खरंच डोकं फिरते वो माहं, डोळ्यात पानी येते... तं म्हनतेत, "काय अॅक्टिंग करते बाई!" सारी जिनगी ह्या तोंडाच्या धाकावर माल राखला. आता तोंडाले किंमत आली, अन् धाक गेला चुलीत!

रूपाली म्हने, "आत्या, तुमी रागावूच नका, मंग कोन कायले नख लावते?" पटलं मले. काल एक बाई नवऱ्याले घेऊन आली, लावलं नख. मी राग गिळला, हात जोडले, गोड आवाजात म्हटलं, "घ्या ना बाई, कोवळा हाये."

ते बाई एकडाव माह्या तोंडाकडं पाहे, एकडाव मोबाइलकडं... मंग नवऱ्याले म्हने, "चला हो, हे ते बाई नव्हे."