एकाच खाटेचा फ्लॅट

घरांच्या किमतींचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगते. माहीमच्या माझ्या भाचीला, मेघनाला, बोईसरच्या एका कारखान्यातल्या मुलाचे स्थळ आले होते. "बोईसरच्या बाजूलाच, सरावलीला सोताचा फ्लॅट हाय, वन्सं. आता तुमी नाय म्हणू नका," असे वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, मला आधीच बजावले होते. मुलाने संध्याकाळी बोलावले होते; परंतु घर पाहायचे तर ते न कळवता, दुपारीच पाहावे, असा माझा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे मेघना, वहिनी आणि मी अशा तिघी भर दुपारी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिलो.

सुटी असल्यामुळे दार मुलानेच उघडले आणि आम्हांला पाहताच तो पांढराफटक पडला. आत एकच खोली, खोलीत एकच खाट, आणि त्या खाटेवर डोक्यावरून चादर ओढून कोणीतरी झोपलेले!

"हे कोण?" मी विचारले.

"रात्रपाळीचा आहे, बाई. फ्लॅटचा हप्ता माझ्या एकट्याच्या पगारात भागत नाही, म्हणून खाट भाड्याने दिली आहे. हा दिवसा झोपतो, दुसरा एकजण संध्याकाळी झोपतो, त्याला आज बाहेर फिरायला पाठवणार होतो, आणि रात्री मी."

"अगं बाई!" म्हणत वहिनी उंबऱ्यातच बसल्या. मेघनाने मात्र खाटेकडे नीट पाहून घेतले आणि त्याला शांतपणे विचारले, "आणि लग्न झाल्यावर मी कधी झोपायचं?"

मुलगा बोटांवर पाळ्या मोजू लागला. तेवढ्यात चादरीच्या आतूनच आवाज आला, "भाभीजी, दिवाली तक तो पूरा बुक है।"