आण्णांच्या नावापुढचा रिमार्क

गिऱ्हाइकाबद्दल मनातलं कुठं लिहून ठेवत जाऊ नका रं, मी पस्तावलोय.

माझं सोलर हीटरचं दुकान तुम्हाला ठावं हाय. गिऱ्हाइकांची सगळी माहिती कॉम्प्युटरवर असते. नाव, नंबर आणि पुढं आमचा रिमार्क. परवा पोरीनं त्याला एआय जोडला. म्हणाली, "पप्पा, रेंगाळलेल्या गिऱ्हाइकांना आता हाच माहिती वाचून मेसेज करंल."

केला की! सकाळी कुरुंदवाडहून आण्णांचा फोन. आण्णा म्हणजे पोरीचे होणारे सासरे, लग्न पुढच्या महिन्यात.

"पावणं, दुकानात हाय न्हवं? आलोच." फोन बंद.

मी कॉम्प्युटर उघडून गेलेले मेसेज बघितले. आण्णांना मेसेज गेलेला: "नमस्कार. आपण दर खेपेला दोन चहा पिता, रेट विचारता आणि निघून जाता, अशी आमच्याकडे नोंद आहे. यावेळी हीटर घेणार का?"

रिमार्क माझाच, सोयरीक जुळायच्या आधीचा!

मला बसवंना, उभं राहवंना. दहा वेळा दारात जाऊन आलो. पोरगी विचारतीय, "काय झालं?" तिला काय सांगू?

आण्णा आले, बसले. हसणं न्हाई, चिडणं न्हाई. मी वरडलो, "चहा सांगा रं!"

"चहा नको. हा मोठा हीटर केवढ्याला?"

मी रेट सांगितला. आण्णा उठले, चपला घातल्या आणि दारातनं वळले.

"पावणं, चहाचं तेवढं खोडा. बाकीचं बरोबर लिवलंय."