तळ्याच्या वाटेवर न हललेल्या इसमाबाबत

मी, नाव-पत्ता वरच्या रकान्यात लिहून घेतल्याप्रमाणे, वय सदुसष्ट, व्यवसाय घरी पडदे शिवणे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. पती कारखान्यात लेथवर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. गल्लीत मला सगळे पडदेवाल्या काकू म्हणतात, तसं विचारलंत तरी घर सापडेल.

या आजारात त्यांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात. दारात, गर्दीत, आणि कोणी घाई केली की हमखास. पण सायकलवर बसवून मी एक धक्का दिला की हाच माणूस सुसाट सुटतो. काहींचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे की. रस्त्यावर दर चौकात पाय टेकावा लागतो आणि टेकलेला पाय परत उचलेल याची खात्री नसते. म्हणून आम्ही रोज सकाळी घरामागच्या तळ्याच्या वाटेवर आपापल्या सायकलीने जातो.

सदर वाटेवर सोमवारपासून सायकलींना बंदीचा बोर्ड लागला आहे. काही मुलं उतारावरून बेफाम सायकली सोडायची, त्यात एका बाईंचा हात मोडला. बंदी का आली ते मला कळतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातलं ओलं आम्ही. बोर्ड मी वाचला होता, ह्यांचं लक्ष गेलं नव्हतं, आणि ह्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

आज सकाळी सातच्या सुमारास अरुंद पुलापाशी रखवालदाराने पतींना अडवलं. मी थोडी मागे होते, पण बोलणं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "काका, उतरा. इथून पुढे पायी." पतींनी उभ्या आयुष्यात नियम मोडलेला नाही. ते लगेच उतरले, आणि उतरले तिथेच खिळले.

"काका, बाजूला व्हा, माणसं खोळंबलीत."

"होतो रे, जरा थांब."

आजारामुळे त्यांचा चेहराही हलत नाही. साधं बोलले तरी दम दिल्यासारखं वाटतं. तेवढ्यात मागून चार सायकलवाली मुलं आली. त्यांचा समज झाला की काका बंदीविरुद्ध उभे ठाकलेत. त्यांनी सायकली आडव्या टाकल्या, पुलावर बसकण मारली आणि "काका, हलू नका!" असं ओरडायला लागली. मी पोचले तेव्हा पती मला हळूच म्हणाले, "अगं, मी हलायला बघतोय आणि ही पोरं हलू नका म्हणतायत." मला हसू आवरेना. रखवालदाराला वाटलं मीही त्यांना सामील. त्याने फोन केला.

पोलिसांची गाडी आल्यावर पती तिची पायरी झटकन चढले. रखवालदार म्हणाला, "बघा, नाटक होतं!" याबाबत खुलासा करते की, समोर पायरी दिसली की त्यांचं पाऊल उचलतं, सपाट जमिनीवर अडतं. आजारच असा चक्रम आहे. खोटं वागायचं झालं तर त्यांचे कान लाल होतात, आज झाले नव्हते.

रखवालदाराविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने त्याचं काम केलं, नंतर ह्यांना पाणीही दिलं. मुलांविरुद्धही नाही. एकाने ह्यांना नेते म्हटलं, तेव्हापासून स्वारी जरा खुशीत आहे.

मग तुमचं म्हणणं काय, असं साहेबांनी विचारलं. माझं म्हणणं असं की, ह्यांना त्या वाटेवर सायकलची परवानगी मिळावी. सकाळी एक फेरी, सावकाश, घंटी वाजवत. घरात, दवाखान्यात, दुकानात मी त्यांच्यासाठी थांबते, आणि मला त्याचा कंटाळा नाही. पण त्या वाटेच्या चढावर माझे गुडघे दमतात. ते पुढे जातात आणि वर कठड्याला हात टेकून, सीटवरून न उतरता, मागे वळून माझी वाट बघतात. लग्न झालं तेव्हापासून हे असेच पुढे जाऊन थांबायचे. आता दिवसभरात तेवढ्या एकाच जागी ते माझ्यासाठी थांबतात. ती जागा मला परत हवी आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बाकावर बसून पतींनीही ऐकला. शेवटचं खोडा, चारचौघांत लाज वाटते, असं ते म्हणाले. मी खोडू दिलेलं नाही. सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.