उलटा शिक्का

नाव: देलफिन मागुएम. वय: पन्नास असावं, जन्माचा दाखला नाही. धंदा: सुके मासे विकणं. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. राहणार: बातेंगू, जुन्या गिरणीमागे, पश्चिम कॅमेरून.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझी सवत ओदेत अशा दोघीच राहत होतो. नवरा वारला. मुलं दुआला शहरात आहेत, फोन उचलत नाहीत. सवतीशी माझं पटत नव्हतं असं शेजारी सांगतील. खरं आहे.

काल सकाळी ओदेतचा दमा उपटला. भाड्याच्या मोटारसायकलवर चालकाच्या नि माझ्या मधे बसवून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती म्हणाली, "तुझ्या माशांच्या वासानेच माझा दम वाढतो." मी म्हटलं, "मग श्वास घेऊ नकोस."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन लिहून दिलं. साडेसहा हजार फ्रँक. आधी खिडकीवर पैसे, मग चिठ्ठीवर शिक्का, मग औषध, असा तिथला नियम आहे. माझ्याकडे दहा हजारांची नोट होती. आदल्या दिवशी भिशी लागली, त्यात सगळ्या तसल्याच नोटा आल्या.

कॅशियर फोकू म्हणाले, "आई, सुटे नाहीत. सकाळचा गल्ला चिल्लरसकट बँकेत गेला."

"मग वरचे ठेवा तुम्हीच."

"कसे ठेवू? गल्ल्यात जास्त निघाले तरी चोरीच धरतात. मागच्या तपासणीत एकाची नोकरी त्यावरूनच गेली. बाहेरून सुटे करून आणा."

फाटकावरची भजीवाली म्हणाली, "चिल्लर तुला दिली तर गिऱ्हाइकाला काय माझे दात देऊ?" केळेवाला, मोटारसायकलवाले, सगळ्यांनी हात वर केले.

परत आले. ओदेतचे ओठ निळे पडले होते. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस, जा ना," एवढंच तिला बोलता आलं.

फोकू पाठमोरे होते तेवढ्यात मी खिडकीच्या जाळीतून हात घातला, नोट आत टाकली, शिक्का उचलला आणि चिठ्ठीवर मारला. शिक्का त्यांचाच होता. त्याला बनावट म्हणतात, ते मला मान्य नाही. औषधाच्या खिडकीतली बाई म्हणाली, "हा उलटा आहे. कोणी मारला?" मला अक्षरं सरळ असली तरी उलटीच. तिने पहारेकऱ्याला हाक मारली. त्याने मला दंडाला धरून बाकावर बसवलं. मी ओरडले, हे खरं आहे. काय ओरडले ते आठवत नाही.

शेवटी फोकूंनी स्वतः येऊन सरळ शिक्का मारला. इंजेक्शन घेऊन मी आत गेले, तेव्हा तिच्या खाटेवरची चादर बदलत होते.

उरलेले साडेतीन हजार फोकूंनी नंतर कुठून तरी आणून दिले. सगळे सुटे. त्यांच्यावर माझी तक्रार नाही.

साहेबांनी विचारलं, जामिनाला घरून कोणाला बोलावू? त्यांना सांगितलं, शिव्या देत का होईना, येणारी एकच होती.

हे सगळं मला आमच्या बोलीत वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. खाली अंगठा माझाच.