पायांना ठाऊक असलेलं घर

कोहमाऱ्याच्या थांब्यावर देवरीची बस यायची होती. अल्काच्या पुढे रांगेत एक सून उभी होती, आणि तिच्या पहाडावरच्या घरात इपॉक्सीची, म्हणजे रसायन ओतून करतात ती गुळगुळीत, फरशी घालणारा कारागीर.

"भाऊ, आज तुमी शेवटचा हात मारला, का मंग काहीच बदलणार नाई ना?"

"नाई ताई. वाळलं का काचेवानी होते. काऊन, रंग नाई आवडला?"

"रंग तं तळ्यावानी निळा दिसते. पण मामाजीले, माह्या सासऱ्याले, डोळ्यानं दिसत नाई. चुलीपाशी खड्डा, देवापाशी उंचवटा, असे पायानंच घर ओळखत होते. चार दिस झाले, खाटेवरून उतरले नाई."

"हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"आमी सारेच रंग पाहत बसलो होतो, भाऊ."

"घाबरू नका. आजच्या हातात बारीक रेती टाकून खरबरीत पट्टा काढून देतो. पायाले बराबर लागते. कुठून कुठवर काढू?"

"थे तं त्यायलेच माहीत. थांबा, फोन लावून पाहू."

बस आली. त्यांचं बोलणं ऐकत उभी असलेली अल्का जागची हलली नाही.

"मामाजी, घरात तुमी कुठून कुठवर चालता?"

फोनमधला आवाज बारीक, पण अल्कापर्यंत पोहोचला.

"थे मंग सांगतो, पोरी. आधी तू सांग, माही खाट कोणत्या खोलीत ठेवली तुमी?"