डाव्या वळणाचा खोकला

किसनराव : हॉर्न कुठं हाय पन याले?

प्रेरणा : विमानाला हॉर्न नसतो, बाबा.

किसनराव : मंग मांगच्याले सांगाचं कसं, का मी निंगून राह्यलो म्हनून?

प्रेरणा : सांगावं लागत नाही. मागच्याला तुम्ही दिसता. तिथे सगळ्यांना सगळं दिसतं, तोच तर मुद्दा आहे.

सरदार : टोमना होता हा, डायवर साहेब. नोट करून घ्या.

किसनराव : तू गप बस बे. तुले साक्षीदार म्हनून बलावलं, वकील म्हनून नाई.

प्रेरणा : साक्षीदारासमोरच शेवटचं सांगते. तुमच्या लेकाचा, अमरचा हा कॉम्प्युटर, हा त्याचा विमानाचा खेळ. उडवायचं नाहीये. गेटपासून निघायचं, बरोबर रनवेच्या तोंडाशी नेऊन थांबायचं, बस. जमलं, तर स्कूटीची चावी तुमची, आणि चिमीला शाळेत तुम्हीच सोडायचं. नाही जमलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नाटक न करता.

किसनराव : एकतीस वर्सं एसटी हानली म्या. दिग्रस-पुसद, दिग्रस-दारव्हा, बोरी अरबची मुक्कामी. माह्या चाकाखाली एक कोंबडी मेली नाई.

सरदार : एक मेलती.

किसनराव : थे आत्महत्या होती.

प्रेरणा : आणि मागच्या गुरुवारी?

किसनराव : गुरुवारचं काय?

प्रेरणा : चिमीनं सांगितलं मला. बाजाराच्या कोपऱ्यावर आबांनी स्कूटी थांबवली आणि म्हणाले, ‘ओ काका, बाजूले सरका जरा.’

सरदार : मंग? अदबीनं तं बोलला माणूस.

प्रेरणा : बैल होता, चाचा.

सरदार : … सरकला का पन?

किसनराव : ऊन होतं डोयावर. आन थो बैलबी असा पांढराफेक, धोतर नेसल्यावानी. कोनीबी फसन.

प्रेरणा : मलाही हौस नाही तुम्हाला अडवायची. एक तारखेला मला दारव्ह्याच्या कॉलेजात रुजू व्हायचंय. माझी गाडी सातची, चिमीची शाळा नऊची. अमर बाहेरगावी, तुम्ही नाही सोडलं तर कोण सोडणार?

किसनराव : म्हनून त म्हनतो, दे चावी. परीक्षाच घ्याची होती त मैदानात आठ काढाले लावाचा. हे इमान कायले?

प्रेरणा : मैदानात पोरं खेळतात. इथे कोणी मरत नाही.

किसनराव : हे बाई काय बडबडून राह्यली मंधातच?

प्रेरणा : कंट्रोलवाली आहे, रस्ता सांगतेय. ‘ए’वरून सरळ, ‘बी’ला डावीकडे, मग ‘ई’ला उजवीकडे. ‘ई’च्या शेवटी रनवे सत्तावीस. रस्त्यांना अक्षरं आहेत, रनवेला आकडे. कडेच्या पिवळ्या पाट्या वाचत जायचं. लाल पाटी दिसली की तिच्या अलीकडे थांबायचं.

सरदार : सत्तावीस! म्हंजे सव्वीस रनवे अजून हायेत?

प्रेरणा : नाही हो. एकच पट्टी आहे. एका टोकाचं नाव नऊ, दुसऱ्याचं सत्तावीस. आज वारा तसा आहे, म्हणून सगळी विमानं सत्तावीसच्या टोकाकडून निघताहेत, आणि उतरताहेतही तिकडूनच.

किसनराव : आलं ध्यानात. दिग्रस-पुसद आन पुसद-दिग्रस. सडक एकच, पाटी येगयी.

प्रेरणा : अगदी. फक्त इथे चुकीच्या टोकानं घुसलं, तर समोरचा साइड देत नाही.

किसनराव : चाल मंग. सरदार, घंटी.

प्रेरणा : आता घंटी कशाला?

किसनराव : डबल घंटीबिगर माहा पाय ब्रेकवरून निंगत नाई.

सरदार : सच बात हाय, बेटा. एक घंटी म्हंजे रुक, दोन म्हंजे चल. बावीस वर्सं मी याच्या मांगं दोरी वढली. तो स्टीलचा गिलास दे आन एक चमचा. झालं आपलं काम.

प्रेरणा : बरं, घंटी चालेल. पण तोंडातून एक शब्द नाही, चाचा.

सरदार : तोंड बंद. घ्या. टन, टन.

किसनराव : हे निंगाली पाहा! बाप्पा, काय लोन्यावानी चालते. पुसद रोडले असं काई नव्हतं.

प्रेरणा : वेग वीसच्या वर नको.

किसनराव : वीस? मंग बैलबंडीच घेतो ना.

प्रेरणा : बैलाचा विषय तुम्ही काढू नका.

सरदार : खॉक्. खॉक्, खॉक्.

किसनराव : हे घेतली डावी.

प्रेरणा : … बरोबर. ‘बी’च होता.

किसनराव : पाह्यलं? काढ चावी.

प्रेरणा : पाहिलं. चाचा, हा खोकला कधीपासून आहे?

सरदार : लहानपनापासून, बेटा.

प्रेरणा : आणि डाव्या वळणालाच येतो?

सरदार : डाव्या फुफ्फुसात हाय थो.

प्रेरणा : हे घ्या, चिमीचं औषध. दोन चमचे. आणि उठा इथून, त्या दाराजवळच्या खाटेवर बसा.

सरदार : इतक्या दूर? तिथून मले काय दिसन?

प्रेरणा : कंडक्टरची जागा मागेच असते.

सरदार : किसन, तुह्यी सून चुकून मास्तरीन झाली. चेकर व्हाची होती. आपली नोकरी गेली असती दोघाइची.

किसनराव : औषध घे गुपचूप.

सरदार : गोड हाय. स्ट्रॉबेरी.

प्रेरणा : चला, बाबा. पुढचं वळण उजवीकडे, ‘ई’. आता एकटे.

किसनराव : एकटाच होतो. सरय… सरय… ही आली पाटी. हे तं एफ हाय.

प्रेरणा : मी काही बोलणार नाही.

किसनराव : एफच हाय. मंग ई पुढंच असन. पुढंच असन ना?

सरदार : अबे, मांगं गेली ना ई! येवढी परातीयेवढी पाटी! तिचा खालचा दांडा नाई दिसला तुले?

प्रेरणा : चाचा!

किसनराव : थांब. थांब, थांब. तू कुठून बोलून राह्यला?

सरदार : खाटेवरून.

किसनराव : दाराजवयच्या खाटेवरून तुले ईचा खालचा दांडा दिसला?

सरदार : … अंदाज मारला.

किसनराव : चार महिन्याआधी लग्नात तुले नवरदेव दिसत नव्हता. घोड्याच्या हातात पाकीट देऊन राह्यलता तू.

प्रेरणा : बाबा, विमान चालू आहे.

किसनराव : चालू दे. तू मारेगावले गेलता ना, तुह्या पोराच्या, इम्तियाजच्या दुकानाचं उद्घाटन म्हनून? आन वापस आला तं कायाकुट्ट चष्मा लावून. मले म्हने डोये आले.

सरदार : आलेच होते. नवे आले.

किसनराव : ऑपरेशन केलं बे तू!

सरदार : एकाच डोयाचं, यार. दुसऱ्याची तारीख मंगयवारची हाय.

किसनराव : चहाच्या टपरीवर हातावर हात मारलता आपन! का मरून जाऊ, पन डोयात चाकू घालू देनार नाई!

सरदार : मारलता. पन मी एक दिवस आपलं घर समजून शेजारच्या धावजीच्या घरात घुसलो आन त्याच्या बायकोले म्हनलं, वाढ. तिनं वाढलंबी बिचारीनं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तवा धावजी घरी होता. मंग माह्या घरवालीनं, बिस्मिल्लाबीनं सोताच बॅग भरली माही.

प्रेरणा : बाबा, पुढे बघा. लाल पाटी आली!

किसनराव : तू मंधात बोलू नको, आमची गोष्ट हाय हे. मले न सांगता गेला! बावीस वर्सं…

प्रेरणा : बाबा, ब्रेक! रनवेवर आलात तुम्ही. ही नऊची बाजू आहे!

किसनराव : कोनती लाल पाटी?

सरदार : टन! अरे टन! एक घंटी, किसन, एक!

प्रेरणा : समोरून विमान येतंय, बाबा!

किसनराव : कुठं? कुठं येऊन राह्यलं? मले तं काई…

(कॉम्प्युटरचा पडदा काळा होतो. सरदारच्या हातातला ग्लास फरशीवर पडून घरंगळत जातो.)

किसनराव : लाइट गेली का?

प्रेरणा : नाही.

किसनराव : मंग?

प्रेरणा : धडकलं.

किसनराव : … कितीक होते आतमंधी?

प्रेरणा : कशात?

किसनराव : समोरच्यात.

प्रेरणा : खेळ आहे, बाबा. कोणी नसतं आत.

किसनराव : सीटा तं असतीन. कितीक सीटा असतीन?

प्रेरणा : … दीडशे. एकशे साठ.

सरदार : खाली होती रे गाडी. डेपोत चाल्लती. एक तिकीट फाटलं नव्हतं, मी सोता पाह्यलं.

किसनराव : हो. तुले दिसते आता.

प्रेरणा : चहा ठेवते मी.

किसनराव : बस. थांब जरा. थो बैल काईच नाई.

प्रेरणा : म्हणजे?

किसनराव : त्याच्या आधी, महिनाभर झाला असन, शायेपुढं गाडी उभी केली म्या आन म्हनलं, उतर बेटा. तं पोट्टी म्हने, आबा, हे शाया नाई, हे तं ब्यांक हाय. तवापासून थेच मले रस्ता सांगे.

प्रेरणा : चिमी?

किसनराव : मांगं बसून. डावा खांदा दाबला का डावीकडं, उजवा दाबला का उजवीकडं. दोनी दाबले का थांबाचं. तिले वाटे, आबा खेयून राह्यला तिच्यासंगं.

प्रेरणा : पाच वर्षांची आहे ती.

किसनराव : म्हनून तं सांगून राह्यलो.

प्रेरणा : रोज मी फाटकात उभी राहून बघायचे. दोन्ही हात तुमच्या खांद्यांवर. आणि मनात म्हणायचे, बरं आहे, आबांना घट्ट धरून बसते.

सरदार : तरीच. बेल माह्यापेक्षा चांगली देत असन पोट्टी.

प्रेरणा : चाचा, प्लीज.

सरदार : चुकलं, बेटा.

किसनराव : नाई, बोलू दे त्याले. खरंच चांगली देते. एक डाव चुकली नाई. मीच…

प्रेरणा : मला आधी का नाही सांगितलंत?

किसनराव : तुले सांगतलं असतं तं तू चावी घेतली असती.

प्रेरणा : घेतलीच असती.

किसनराव : तेच तं.

सरदार : किसन.

किसनराव : काय हाय?

सरदार : दुखत नाई.

किसनराव : मी इचारलं का तुले?

सरदार : नाई, पन मी सांगून राह्यलो. मुंगी चावते ना, तेवढंबी नाई. डाक्टर गानं गुनगुनत होता. थेच काय तं सहन करा लागलं, एकदम बेसुरा.

किसनराव : आन चाकू?

सरदार : दिसतच नाई. दिसला असता तं ऑपरेशन कायले लागलं असतं?

प्रेरणा : मंगळवारी चाचांसोबत जाऊ आपण. निदान तपासून तरी येऊ. आणि डॉक्टर म्हणाले तर तारीख घेऊ.

किसनराव : आन एक तारखेले पोट्टीले कोन सोडन?

सरदार : मी हाय ना.

किसनराव : तू? तुले सायकल येत नाई धड.

सरदार : पायदय नेईन. मी कंडक्टर हाय, भौ. उतारू बरोबर ठेसनावर उतरवनं माहं काम. शाया सोडून ब्यांकेत नाई उतरवनार.

किसनराव : पट्टी निंगाली का दुसऱ्या दिवसापासून मी सोडीन.

प्रेरणा : डॉक्टर म्हणतील तेव्हापासून.

किसनराव : पाह्य, चेकरच हाय हे.

प्रेरणा : लावू फोन?

किसनराव : सरदार.

सरदार : बोल.

किसनराव : गिलास कुठं गेला थो? उचल. घंटी मार.

सरदार : एक का दोन?

किसनराव : दोन.