जुडीतली अठ्ठाविसावी पट्टी

नाव: रिनझिन पेल्डोन. वय: २४ वर्षे. व्यवसाय: गट कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणी लिपिक. राहणार: खामलुंग, पाणचक्कीच्या वरचे घर. शिक्षण: बारावी.
ठिकाण: खामलुंग पोलीस चौकी. दि. १३ नोव्हेंबर २०२३, सकाळी १०.४०.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आले आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही.

खामलुंगच्या देवळात बाळाला तिसऱ्या दिवशी आणतात. राखणदार ग्येलेग आजोबा बांबूच्या पट्ट्यांची जुडी बाळाच्या डोक्याला लावतात आणि आई डोळे मिटून एक पट्टी ओढते. पट्टीवर जे नाव निघेल ते बाळाचे, पट्टी परत जुडीत जाते. मुलगा असो की मुलगी, जुडी एकच. हे अंमलदार साहेबांना माहीत आहे, तरी जबाबात असावे म्हणून सांगितले.

देवळाच्या मालमत्तेच्या यादीत पट्ट्या २७ आहेत. दि. ९ रोजी लोदाय, वय ३१, यांनी ग्येलेग आजोबांनी जुडीत हेराफेरी केल्याची तक्रार दिली. पोलिसांनी जुडी मोजली, तेव्हा पट्ट्या २८ भरल्या. आजोबांनी "मोजणीत चूक असेल" एवढेच उत्तर दिले. त्यामुळे १५ तारखेला त्यांच्याकडून देवळाची किल्ली काढून घ्यायचे ठरले आहे. ते चौतीस वर्षे राखणदार आहेत आणि देवळाच्या पडवीतच राहतात. त्यांना दुसरे घर नाही.

जास्तीची पट्टी मी टाकली. तिच्यावरचे 'योझेर' हे अक्षर माझे आहे.

योझेर नावाची एक आजी पाणचक्की सांभाळत असे. ती पूर्वेकडून, डोंगरापलीकडून एकटी आली होती. आमच्या घरात त्या वेळी कोणी शाळेत गेलेले नव्हते. माझे वडील खेचरे हाकतात. मुलीला दोन तास चालवत नेणार कोण, असे ते म्हणाले, तेव्हा आजी म्हणाली, "मी नेते. चक्की काय, पाणी फिरवतं." पहिले वर्षभर ती मला रोज ओंडक्यांच्या पुलावरून नेत असे आणि शाळा सुटेपर्यंत भिंतीपाशी बसून राही. तिला स्वतःला वाचता येत नव्हते.

तिच्या नावाची नोंद ओळखपत्रावर 'ओझेर', जमिनीच्या कागदावर 'योसेर' आणि दवाखान्याच्या वहीत 'होजेर' अशी होती. मी नोकरीला लागल्यावर दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला. ती म्हणाली, "राहू दे गं. तिघींनाही जेवायला मीच घालते." अर्ज तसाच राहिला. ती माझी चूक आहे.

आजी दि. ३ मार्च २०२३ रोजी वारली. मृत्यूची नोंद मीच केली. त्यानंतर संगणकावर नावांची यादी काढली. आमच्या गटात ताशी नावाची माणसे ६१ आहेत. योझेर एक होती, ती शून्य झाली. मी ते पान दोनदा छापले. दुसऱ्या प्रतीचे काही काम नव्हते.

दि. २१ एप्रिल रोजी दुपारी आजोबा दिवे घासत असताना मी पट्टी जुडीत सरकवली. बांबू आमच्याच आवारातला होता. जुना दिसावा म्हणून चुलीवर धुरकटवला होता. त्या पट्टीची पूजा झालेली नव्हती. वर्षाला चार-पाच बाळे येतात, ती सहा-सात वर्षांत एकदा निघाली तरी पुष्कळ, असा माझा हिशेब होता. तोवर माझी बदली झालेली असेल असेही वाटले होते.

दि. २ मे रोजी देमाची मुलगी आणली. योझेर निघाले. नोंदणीसाठी मी तिथे हजर होते. दि. १९ ऑगस्ट रोजी सेल्डोनचा मुलगा आणला. योझेर निघाले. माझ्या हातून नोंदवही पडली. आजोबांनी ती उचलून दिली. या दोन बाळांच्या मध्ये दुसरे बाळ आलेले नव्हते.

दि. २० ऑगस्ट रोजी पट्टी काढून घेण्यासाठी मी देवळात गेले. जुडी हातात घेतली. काढली नाही. कारण विचारल्यास मला सांगता येत नाही.

त्यानंतरचे बाळ थेट दि. ६ नोव्हेंबर रोजी आले, लोदाय आणि त्यांची पत्नी चोकी यांचे. योझेर निघाले. तेव्हा झालेले बोलणे आठवते तसे सांगते.

लोदाय म्हणाले, "काय आजोबा, दुसरं काही शिल्लक आहे का जुडीत?"

आजोबा म्हणाले, "ओढली तुझ्या बायकोनं. तिला विचार."

"उष्टं नाव आहे हे. एक म्हातारी गेली आणि तीन पोरं झाली! तिघांत खरी परत जन्माला आलेली ती कुठली, म्हणून लोक विचारणार. माझं पोर खोटं ठरलं तर?"

चोकी म्हणाली, "अहो, ओरडू नका. मी दुसरी धरली होती. ही मागून आली हातात."

चोकीचे हे वाक्य मी नोंदवहीत लिहिलेले नाही. तिथे रकाना नसतो.

अठ्ठावीस पट्ट्यांतून एकच ठरावीक पट्टी लागोपाठ तीनदा निघणे म्हणजे एकवीस हजार नऊशे बावन्न वेळांत एकदा. मी हा हिशेब कागदावर चार वेळा केला. मी एकच पट्टी टाकली होती. तीनदा निघण्यासाठी मी काहीही केलेले नाही.

अंमलदारांच्या सांगण्यावरून ती पट्टी माझ्यासमोर मोजपट्टीने मोजली. लांबी आणि जाडी इतर पट्ट्यांएवढीच भरली. खूण नाही, चिकटपणा नाही. त्यानंतर जुडीतून ओढून पाहण्यास हवालदार दोर्जे यांना सांगण्यात आले. ते म्हणाले, "साहेब, मला नका सांगू, माझ्या पोरीचं नावसुद्धा असल्याच जुडीतलं आहे." मग बाहेर जाऊन हात धुऊन आले. त्यांनी डोळे मिटून वीस वेळा ओढले. योझेर एकदाही निघाले नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही, वीस वेळांत न निघणे साहजिक आहे, हेही लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे. आई ओढत नव्हती, बाळ नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्या गोष्टीमुळे आजोबांचे नुकसान होऊ शकते. ती गाळून जबाब दिला तर तो खरा होणार नाही.

आज सकाळी सातच्या सुमारास मी देवळात जाऊन आजोबांना सर्व सांगितले. ते डोमा, म्हणजे सुपारीचा विडा, चघळत बसले होते. त्यांना आता डोळ्यांनी फारसे दिसत नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे. चौतीस वर्षं धरतोय ती जुडी. त्या दिवशी संध्याकाळी उचलली तर मुठीत मावेना."

मी विचारले, "मग काढली का नाही?"

"बोटानं अक्षर चाचपलं. शाई जाड घालतेस तू. म्हटलं, आली आहे तर उपाशी कशाला ठेवायची. पाणी शिंपडलं, पाठ म्हटला, प्रतिष्ठा केली. आता ती तुझी नाही आणि माझीही नाही."

"आणि पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, मोजणीत चूक आहे का. मी म्हटलं, असेल. कुणाची, ते कुठं विचारलं?"

मी म्हणाले, मला हे सगळे चौकीत सांगावे लागेल, तुमची किल्ली जाईल. ते म्हणाले, "सांग की. किल्लीला कुलूप लागतं. त्या तिघा बाळांच्या नावांना कुठं लागतं?"

अंमलदारांनी मला विचारले की, तिन्ही नोंदी रद्द करून पुन्हा पट्टी ओढायला लावावी काय. देमा आणि सेल्डोन नको म्हणाल्याचे मला माहीत आहे. लोदाय यांचे मला माहीत नाही. माझे म्हणणे असे की, पट्टी टाकणे हा गुन्हा असेल तर तो माझा आहे. नोकरी गेली तरी माझी तक्रार नाही. पण त्या पट्टीची प्रतिष्ठा राखणदाराने केलेली आहे आणि ती आयांनी ओढलेली आहे. त्यापुढचे खोडायला मला कारण सापडत नाही. मी शोधले.

हे सांगून झाल्यावर अंमलदारांनी लिहिणे थांबवले. टेबलावर चहाच्या पेल्याशेजारी पुराव्याची चिठ्ठी बांधलेली जुडी पडली होती. त्यांनी टोपी काढली, जुडी दोन्ही हातांनी उचलली आणि सर्वांच्या डोक्यांवर येईल अशा उंच फळीवर ठेवली. हवालदार दोर्जे उठून उभे राहिले. मीही उभी राहिले. चिठ्ठी जुडीला तशीच होती. नंतर साहेब बसले आणि पुढे सांगा म्हणाले. मी म्हणाले, एवढेच आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला आणि मी स्वतःही वाचला. एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त करून बाजूला सही केली आहे. बाकी मी बोलले तसेच लिहिलेले आहे, कमी नाही आणि जास्त नाही.

सही: रिनझिन पेल्डोन
समक्ष: हवालदार दोर्जे